पटणं, पटवणं आणि विश्वास ठेवणं

मंडळी, नमस्कार.

हल्ली आपल्या बोलण्यात एक वाक्य फार येतं: ‘मी त्याला कन्व्हिन्स केलं.’ इंग्रजी शब्द आला याचं मला वाईट वाटत नाही. परदेशात राहतो, शब्द येणारच. पण या वाक्यावरून नेमकं काय झालं ते कळत नाही. त्याला मुद्दा पटवून दिला? हळूहळू त्याचं मन वळवलं? नुसती गळ घातली आणि तो भिडेखातर ‘हो’ म्हणाला? की गोष्ट कशीबशी त्याच्या गळी उतरवली? मराठीत या चार निरनिराळ्या घटना आहेत आणि तो माणूस उद्या आपल्या होकारावर ठाम राहील का, हे त्यांतली कुठली घडली यावर अवलंबून असतं. हा फरक आपल्या तोंडून जाऊ नये, एवढंच सांगायला मी आज उभा आहे.

आधी विश्वासाच्या बाजूचे शब्द घेऊ. ‘त्याच्यावर माझा विश्वास आहे, पण त्याचा भरवसा नाही.’ हे वाक्य कुणाही मराठी माणसाला लगेच समजतं. विश्वास माणसाच्या मनावर, हेतूवर असतो, तर भरवसा त्याच्या हातून काम होईल का याचा असतो. माणूस सच्चा आहे, फसवणार नाही, पण सकाळी सातला येतो म्हणाला तर येईलच असं नाही. म्हणून पावसाचा भरवसा नसतो, पावसावर अविश्वास कुणी दाखवत नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, तेव्हाही म्हशीने विश्वासघात केला असं आपण म्हणत नाही. घात विश्वासाचाच होतो, कारण विश्वासात समोरच्याचा शब्द गुंतलेला असतो. ‘विश्वास तर पानिपतात गेला’ असं जुनी माणसं म्हणायची. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडलेल्या विश्वासरावांच्या नावावरची ही कोटी. पण इतक्या पिढ्यांनंतरही ती बोलली जाते, याला कोटीपलीकडचं कारण आहे. त्या एका दिवसाचं दुःख आणि रोजच्या व्यवहारातली निराशा तिथे एकाच शब्दात भेटतात.

या शब्दाबरोबर येणारी क्रियापदंही पाहा. विश्वास बसतो, तो आपोआप. विश्वास ठेवतो, तो आपण ठरवून. विश्वास टाकतो तेव्हा काहीतरी जोखीम दुसऱ्याच्या हाती देतो. ‘माझा विश्वास बसत नाहीये, पण तू म्हणतोस म्हणून ठेवतो’ हे वाक्य मराठीत अगदी सरळ आहे, त्यात कुठेही विसंगती नाही. खात्रीचं तसं नसतं. खात्री आपण करून घेतो, दार लागलंय ना हे परत जाऊन बघतो तशी. जिथे खात्री करून घेता येते तिथे विश्वासाची गरज उरत नाही, आणि जिवाभावाच्या माणसाबद्दल कुणी खात्री करून घेऊ लागलं की ते माणूस दुखावतं.

आपल्या मराठी वर्गातल्या एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, ‘माझी माझ्या मैत्रिणीवर श्रद्धा आहे.’ व्याकरणात एकही चूक नाही. तरी वाचताना अडखळायला होतं, कारण श्रद्धेची नजर वर असते. गुरूवर, देवावर, एखाद्या तत्त्वावर, आपल्या कामावर श्रद्धा असते. बरोबरीच्या मैत्रिणीवर विश्वास असतो. आईची मुलावर माया असते, विश्वास असतो. ‘माझी मुलावर श्रद्धा आहे’ असं ती म्हणाली, तर मुलगा संत झालाय की काय असं वाटेल. भारताच्या संविधानाची मराठी उद्देशिका आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात पहिल्या पानांवर वाचली असेल. तिच्यात ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ असे शब्द आहेत. विश्वास आणि श्रद्धा तिथे शेजारी आहेत, पण वेगवेगळे मोजलेले. मला तो क्रम फार आवडतो. मनात येणाऱ्या विचारापासून हात जोडण्यापर्यंतची सगळी वाट त्यात आली.

श्रद्धेच्या पलीकडे अंधश्रद्धा. ती नेमकी कुठून सुरू होते यावर महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या वाद झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी कायदा झाला. त्या कायद्याच्या लांबलचक नावात ‘अंधश्रद्धा’ हा शब्द नाही. नरबळी, जादूटोणा, अमानुष, अनिष्ट आणि अघोरी प्रथा, असे कृत्यांचे शब्द आहेत. मला हे योग्य वाटतं. कोण काय मानतो हे कायद्याने विचारू नये. त्या मानण्यापायी कुणाचं काय केलं जातं, ते विचारावं.

आता माझा सगळ्यात आवडता शब्द: समजूत. ‘लोकांची अशी समजूत आहे’ असं म्हणताना बोलणारा स्वतः बाजूला उभा असतो, त्याला ते खरं वाटत नसतं. आणि रुसलेल्याची, दुखावलेल्याची आपण जी घालतो तीही समजूतच. एकाच शब्दात मानणंही आलं आणि मनवणंही. त्यातून ‘मनाची समजूत घातली’ असा प्रयोग निघाला. तिथे घालणारा आणि ऐकणारा एकच असतो, आणि आपण सांगतोय ते पुरतं खरं नाही हे दोघांनाही माहीत असतं. समजूत घालताना मुद्दा सिद्ध करायचा नसतो. हुंदका थांबेपर्यंत शेजारी बसायचं असतं. म्हणून चिडलेल्या माणसाला ‘मुद्दे पटवून’ देणारा हटकून भांडण वाढवतो. त्या घडीला गरज समजुतीची असते.

पटणं हे त्याहून वेगळं, आणि मला वाटतं आपल्या भाषेतलं ते फार प्रामाणिक क्रियापद आहे. ‘मी पटलो’ असं आपण म्हणत नाही, ‘मला पटलं’ म्हणतो. भूक लागते, आठवण येते, तसंच हे. आतून होतं. ‘ऐक’ असं सांगता येतं, ‘मान’ असं सांगता येतं, ‘विश्वास ठेव’ असंही बजावता येतं. पण ‘तुला हे पट’ असा हुकूम मराठीत सोडताच येत नाही. पटवून देणाऱ्याने हवी तेवढी मेहनत करावी, शेवटचं पाऊल ऐकणाऱ्याच्या मनातच पडतं. तुकोबांनी ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता’ असं म्हटलं, तेव्हा साक्षीदार म्हणून उभं केलं ते स्वतःच्या मनाला. सगळे म्हणतात म्हणून मानायचं नाही, मन ग्वाही देईल ते मानायचं.

पण पटलं म्हणजे काम झालं, असंही नाही. ‘कळतं पण वळत नाही’ ही आपली रोजची म्हण. सिगारेट वाईट हे कळलेलं असतं, डॉक्टरांचं म्हणणं पटलेलंही असतं, तरी हात खिशाकडे जातो. कळणं, पटणं आणि वळणं यांत दिवस जातात, कधी वर्षं जातात. मन वळवणं या प्रयोगातलं वळण तेच. ते एका बैठकीत होत नाही, आणि वळवणाऱ्याला धीर लागतो.

बाकीचे शब्द भराभर सांगतो. गळ घालतो तेव्हा आपल्याला काहीतरी हवं असतं. मनधरणी करतो तेव्हा समोरचा अडून बसलेला असतो आणि त्याच्यावाचून आपलं चालणार नसतं. रदबदली दुसऱ्यासाठी करतात. भीड घालणं म्हणजे नात्याचं वजन वापरणं, आणि ते जपून वापरावं. भरीस घालणारा खर्च दुसऱ्याला करायला लावतो, फूस लावणारा गुन्हा. अल्पवयीन मुलाला पळवल्याच्या बातमीत ‘फूस लावून’ असंच छापतात, ‘पटवून’ असं कधी नाही, कारण तिथे मुलाच्या समजेला कुणी काही विचारलेलंच नसतं. कान भरणाऱ्याला तर मुद्दाच नसतो, त्याला फक्त तिसऱ्या माणसाची गैरहजेरी हवी असते.

आणि तो छोटासा ‘म्हणे’! ‘तो म्हणे नोकरी सोडतोय.’ दोन अक्षरांत सांगून टाकलं की ही ऐकीव गोष्ट आहे, माझ्या नावावर धरू नका. ‘घरी असेल’, ‘घरी असावा’, ‘घरीच असणार’ यांतही आपली खात्री पायरीपायरीने चढत जाते. मोबाईलवर आलेले संदेश पुढे ढकलताना हा ‘म्हणे’ नेमका गळून पडतो आणि ऐकीव गोष्ट खात्रीची होऊन पुढच्याकडे पोचते. तो परत लावायला काहीच कष्ट नाहीत.

घरातल्या मुलांशी बोलताना मी एक पथ्य पाळतो. ‘ऐकायचं म्हणजे ऐकायचं’ असं म्हणावं लागतं तेव्हा तेच म्हणतो, त्याला पटवणं म्हणत नाही. रस्ता ओलांडताना हात धरायचा, तिथे चर्चा नाही. पण ज्याला ‘पटलं का?’ असं विचारायचं, त्याला ‘नाही पटलं’ म्हणायची मुभा आधी द्यावी लागते, आणि ते उत्तर आलं तर पुन्हा बसून बोलावं लागतं.

तुम्हालाही आज यातलं जे पटलं नसेल ते कार्यक्रमानंतर जरूर सांगा. गळ घालणं आणि भीड घालणं यांतली सीमारेषा मी आखली तिच्याबद्दल मतभेद होतील असं मला वाटतं. तुमच्या घरच्या बोलीत, मालवणी असो, वऱ्हाडी असो की अहिराणी, मन वळवण्यासाठी आणखी कुठले शब्द आहेत, तेही मला लिहून घ्यायचे आहेत. वही आणली आहे.