गिटारवाल्यांची यंत्रे आणि यंत्रवाल्यांची गिटार

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, नावाजलेल्या बँडांतील कलावंत एकत्र येऊन जे सुपरग्रुप काढतात, त्यांतील बहुतेक एखाद्या अल्बमनंतर विरून जातात. मग मँचेस्टरचा ‘इलेक्ट्रॉनिक’ हा सिंथ-पॉप, म्हणजे सिंथेसायझरसारख्या यंत्रांवर पॉप संगीत करणारा, गट तीन अल्बम कसा टिकला, हे सांगण्याचे मी आयोजकांना कबूल केले आहे. त्या प्रश्नाकडे मी येणारच आहे; परंतु तत्पूर्वी कित्येक वर्षे मनात साचलेली एक तक्रार मला आपल्यासारख्या जाणकारांपुढे मांडू द्यावी, कारण घरी ती आता कोणी ऐकून घेत नाही.

मँचेस्टरच्याच दोन बँडांपैकी ‘द स्मिथ्स’ म्हणजे गिटार आणि ‘न्यू ऑर्डर’ म्हणजे यंत्रे, अशी वाटणी रसिकांनी आणि समीक्षकांनी परस्पर करून टाकलेली आहे. त्यामुळे १९८७ मध्ये स्मिथ्स सोडलेला गिटारवादक जॉनी मार पुढच्याच वर्षी न्यू ऑर्डरच्या बर्नार्ड समनरबरोबर ‘इलेक्ट्रॉनिक’ या गटात काम करू लागला, तेव्हा चांगल्या घरचा मुलगा वाया गेल्यासारखी हळहळ व्यक्त झाली. आजही ‘इलेक्ट्रॉनिक’चे नाव काढले की पहिला प्रश्न येतो तो गिटार कुठे गेली, हाच. (पहिल्या रांगेतील एक गृहस्थ हसत आहेत, त्यांनी तो मला चहाच्या वेळी विचारला.)

आता ही वाटणी किती खरी आहे ते पाहा. स्मिथ्सच्या १९८६ च्या ‘द क्वीन इज डेड’ या अल्बममधील ‘देअर इज अ लाइट दॅट नेव्हर गोज आउट’ हे गाणे आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. त्यात कडव्यामागून हळूच वर चढणारी आणि आपल्या डोळ्यांत पाणी आणणारी जी तंतुवाद्ये ऐकू येतात, ती कोणत्याही वादकाने वाजवलेली नाहीत. ध्वनिमुद्रित स्वर पोटात साठवून ते पट्ट्यांवर वाजवू देणारे इम्युलेटर नावाचे यंत्र तेव्हा नवे होते, आणि त्यातूनच मारने ती काढली. श्रेयनामावलीत मात्र यंत्राचा उल्लेख नाही. तेथे ‘द हेटेड सॅल्फर्ड एन्सेम्बल’ या अस्तित्वात नसलेल्या वाद्यवृंदाचे नाव मोठ्या गांभीर्याने छापलेले आहे. यंत्राला नाके मुरडणाऱ्या चाहत्यांनी वर्षानुवर्षे एका यंत्रालाच दाद दिली, याचा मला किती आनंद होतो हे मी लपवून ठेवणार नाही.

दुसऱ्या बाजूला समनर हा मुळात न्यू ऑर्डरच्या आधीच्या ‘जॉय डिव्हिजन’ या बँडचा गिटारवादक. सुट्या भागांचा संच आणून, डाग देऊन त्याने स्वतःच्या हाताने सिक्वेन्सर, म्हणजे भरून ठेवलेले स्वर ओळीने आपोआप वाजवणारे यंत्र, जुळवला आणि तोच न्यू ऑर्डरच्या १९८३ च्या ‘ब्लू मंडे’ या गाण्यासाठी वापरला. त्यात प्रत्येक स्वर एकेक करून आकड्यांनी भरावा लागे. त्याच बँडच्या जिलियन गिल्बर्ट यांनी ती सगळी जुळणी कागदाला कागद चिकटवून लिहून काढली, आणि भरताना एक स्वर राहून गेल्यामुळे ती धून ठेक्याच्या किंचित मागेपुढे सरकली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. ज्या गाण्याला लोक यंत्राच्या काटेकोरपणाचा नमुना मानतात, त्याची लज्जत माणसाच्या हातून सुटलेल्या एका स्वरात आहे.

म्हणजे दोघांनीही कुंपण आधीच ओलांडले होते. डिसेंबर १९८९ मध्ये आलेल्या ‘गेटिंग अवे विथ इट’ या ‘इलेक्ट्रॉनिक’च्या पहिल्या सिंगलमध्ये त्याचे फळ ऐकू येते. ‘पेट शॉप बॉईज’चा नील टेनंट त्याच्या लेखनात आणि गायनात सहभागी आहे, ढोलवादक ‘एबीसी’चा डेव्हिड पामर आहे, तंतुवाद्यांची रचना ‘आर्ट ऑफ नॉइज’च्या अॅन डडली यांची आहे आणि मध्ये मारच्या गिटारचा छोटासा एकल तुकडाही आहे. गिटार कुठे गेली, असे विचारणाऱ्यांनी हे गाणे निदान मध्यापर्यंत तरी ऐकावे. ब्रिटनमध्ये ते बाराव्या क्रमांकापर्यंत चढले.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा कबूल केलेला विषय आता घाईने उरकतो. हा गट टिकला, कारण कीर्तीची बेरीज करणे हा त्याचा हेतूच नव्हता. समनरला न्यू ऑर्डरमध्ये प्रोग्रॅमिंग, म्हणजे यंत्रांत आधीच भरून ठेवलेले संगीत, वाढवायचे होते आणि त्याला तेथे विरोध होत होता. मारला पुन्हा तीच गिटार वाजवायची नव्हती. प्रत्येक जण आपल्या घरी न मिळणारी मोकळीक घेण्यासाठी आला होता. शिवाय गट दोघांचाच असल्यामुळे मतदानाचा प्रश्न नव्हता आणि बाकीचे पाहुणे म्हणून येत-जात. सततचे दौरे नव्हते; ऑगस्ट १९९० मध्ये ‘डिपेश मोड’ या बँडच्या कार्यक्रमाआधी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर ते उभे राहिले, तेव्हा पहिला अल्बमही आलेला नव्हता. तो १९९१ मध्ये ‘फॅक्टरी’ या ध्वनिमुद्रिका कंपनीकडून आला आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला. पुढच्या वर्षी फॅक्टरी दिवाळखोर झाली, तरी गट मोडला नाही.

१९९६ च्या ‘रेज द प्रेशर’वर यंत्रसंगीताचा पाया घालणाऱ्या ‘क्राफ्टवर्क’ या जर्मन गटातून बाहेर पडलेला कार्ल बार्टोस सहलेखक आहे, आणि गंमत अशी की यंत्रयुगाच्या या आद्य पुरुषाबरोबर केलेल्या अल्बमवर गिटार आधीपेक्षा अधिक ठळक आहे. १९९९ च्या ‘ट्विस्टेड टेंडरनेस’वर तर ती आणखी पुढे आली. तोवर न्यू ऑर्डर पुन्हा एकत्र आली होती. समनर तिकडे वळला आणि मारने स्वतःचा बँड काढला. बाकीच्या सुपरग्रुपांचे काय झाले, हे मी प्रश्नोत्तरांत सांगेन. मात्र गिटार कुठे गेली हा प्रश्न सोडून काहीही विचारावे.