लाल विंचवाचं बूच

[रात्र. अतिनील दिवा.]
दिवा फिरवला की गडग्यात मधूनच असं हिरवट चमकतं. हा कोकणातला लाल विंचू. जांभ्याच्या भेगा, कौलं, सरपणाचा ढीग, कुठेही सापडेल. चिमटे बारीक, शेपूट जाड. सगळी भिस्त विषावर.

[नांगी, अगदी जवळून.]
शेपटीला विजेचा हलका झटका दिला आणि टोकावर हा थेंब आला. बघून घ्या. एवढ्याशा थेंबात कितीतरी विषारी प्रथिनं आहेत. त्यांतली काही जाऊन बसतात ती चेतापेशीच्या पोटॅशियम चॅनेलवर, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या पोटॅशियमच्या वाटेवर.

[पडद्यावर सरकती रेघ.]
हे एका चेतापेशीचं व्होल्टेज. शांत असताना उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास. संदेश आला की सोडियम चॅनेल उघडतात, सोडियम आत घुसतं, रेघ सरळ वर. पोटॅशियम चॅनेलही त्याच व्होल्टेजनं उघडतात, पण अंमळ उशिरा. मग पोटॅशियम बाहेर पडतं, रेघ उतरते, मूळ पातळीच्याही खाली जाते आणि पेशी क्षणभर गप्प बसते. सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा. पोटॅशियम चॅनेलचा हा उशीर हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी माकुळाच्या जाड चेतातंतूवर मोजला आणि १९५२ मध्ये त्याची समीकरणं मांडली. हो, माकूळच, आपण तव्यावर परततो त्याचाच भाऊबंद.

[ॲनिमेशन.]
पोटॅशियम चॅनेल असा दिसतो. चार तुकडे, मधोमध छिद्र. कडेचे हे धन भाराचे भाग व्होल्टेज बदललं की सरकतात आणि वाट मोकळी होते. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान, तरी त्याला इथून सहसा जाता येत नाही. आता विषाचा रेणू. बाहेरून आला, छिद्राच्या तोंडावर बसला. बूच! पोटॅशियम आत अडकलं, रेघ उतरायला वेळ लागतो, पेशी पुन्हापुन्हा पेटते. त्याच विषातले दुसरे रेणू सोडियम चॅनेल मिटू देत नाहीत, ते आणखी वेगळं.

[रुग्णालय.]
हा विंचू चावला की घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, फुप्फुसांत पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध वापरायला सुरुवात केली आणि मृत्यू खूप घटले.

[काचेच्या कुप्या.]
याच विंचवाच्या विषातून १९९० मध्ये आयबेरियोटॉक्सिन वेगळं काढलं. ३७ अमिनो आम्लांची साखळी. पोटॅशियम चॅनेलच्या एवढ्या मोठ्या गोतावळ्यातला बीके नावाचा एकच प्रकार ती नेमकेपणानं बंद करते. म्हणून एखाद्या पेशीत बीके काय काम करतो हे तपासायचं असलं, की प्रयोगशाळा ही कुपी विकत मागवतात.