बैल असा बसत नाही

(सुरुवात माळेगावच्या बाजारापासून. लोकांचा गलका ऐकू येऊ द्या, निवेदन थोडं उशिरा)

हे माळेगाव, लोहा तालुका, नांदेड जिल्हा. खंडोबाची यात्रा. मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवं, उंट सगळं येतं इथं, पण आपण आलोत बैलांसाठी. हा तांबडा दिसतोय तो लाल कंधारी, पलीकडं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो देवणी. आणि मातीत बसलेत ते नालबंद, बैलाच्या खुराला पत्री म्हणजे लोखंडी नाल मारणारे, यांच्याकडं नीट बघा.

पत्री मारायची म्हणजे बैल आडवा पाडावा लागतो. आधी जागा बघतात, मऊ माती पाहिजे, एखादा खडा असला तर हातानं वेचून काढतात. मग जाड चऱ्हाट, एक वेढा छातीला पुढच्या पायामागून, एक मागं पोटाला, आणि मागून दोघं ओढतात, ओढतात म्हणजे झटका देत नाहीत, ताण धरून ठेवतात, की बैल आपोआप पाय ढिले सोडतो आणि खाली येतो. इथं थांबवून बघा, मालक डोक्यापाशी बसलाय, शिंग आपटू नये म्हणून मानेखाली हात घातलाय. असं करा म्हणून त्याला कुणी सांगितलेलं नाही. चारी पाय एकत्र बांधले. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, चार पायांच्या आठ. हात बघा कसा भराभर चालतोय. बैल जास्त वेळ आडवा राहिला तर पोटात गॅस धरतो, फुगतो, जीव पण जातो, त्यामुळं पोटभर चारा खाल्लेला बैल जाणता माणूस पाडतच नाही. सोडला. उठला. झालं.

(मोबाईलची क्लिप. हलते, तशीच राहू द्या)

आता हे. मागच्या उन्हाळ्यात आमच्या भागात एका वेबसिरीजचं शूटिंग होतं, नाव घेत नाही. मेकिंगचा व्हिडिओ काढायला मला बोलावलं होतं, ही क्लिप मीच काढलेली. सीन असा की दुष्काळ पडलाय, शेतकरी बैल घेऊन पाणी हुडकत नदीतनं चाललाय आणि बैल कोसळतो. डायरेक्टरला बैल खरोखर पडलेला पाहिजे होता. दोरी कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून बारीक नायलॉनची घेतली, पुढच्या दोन्ही पायांना. आणि जागा बघा, कोरडं पात्र, नुसते गोटे. फ्रेम भारी दिसत होती म्हणून तीच जागा ठरली.

हा पहिला टेक.

(इथं निवेदन नाही. सात सेकंद)

मालक काकांना लांब उभं केलं होतं, फ्रेममधी येऊ लागले म्हणून. तिसऱ्या टेकनंतर ते म्हणले, "आता बास करा साहेब, जनावर भ्यालंय." डायरेक्टर हो हो म्हणले आणि अजून एक घेतला. मी शूट करत राहिलो, एक शब्द बोललो नाही, ते मला आजपण टोचतं. मग मेकिंग बंद कर म्हणले, त्यामुळं पुढचं चित्र आपल्याकडं नाही. बैलाचा खुबा सरकला, अजून लंगडतो, काकांनी यंदाची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं केली.

(पांढऱ्या कागदावर हातानं काढलेलं घोड्याचं चित्र)

ही दोरीची आयडिया शूटिंगवाल्यांची स्वतःची नव्हती. 1930 च्या दशकात हॉलिवूडमधी लढाईच्या सिनेमात घोडे पाडायला हेच करायचे, 'रनिंग डब्ल्यू' म्हणायचे त्याला. पुढच्या पायांना तार, ती खोगिराखालच्या कडीतनं ओवून मागं जमिनीत पुरलेल्या खुंटाला बांधायची. घोडा सुसाट पळतो, तार संपली की पाय जागेवर ओढले जातात आणि घोडा तोंडावर. कित्येक घोड्यांचे पाय, माना मोडल्या. 1939 च्या 'जेसी जेम्स' नावाच्या पिक्चरमधी तर घोडा कड्यावरून पाण्यात पाडला, तो मेला, लोक भडकले आणि 1940 पासून तिकडं अमेरिकन ह्युमेन या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची माणसं सेटवर बसायला लागली.

आपल्याकडं 1960 चा कायदा आहे, प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर 10 ते 50 रुपये. सेटवरचा एक चहा-नाश्ता त्याच्यापेक्षा महाग पडतो. थिएटरच्या सिनेमात प्राणी असला तर हरियाणात बल्लभगडला प्राणी कल्याण मंडळ आहे त्यांची परवानगी, त्यांचा कागद, तो सेन्सॉरला दाखवावा लागतो. युट्युबच्या सिरीजला सेन्सॉरची पायरीच नाही, मग कागद मागणार कोण? शर्यतीत पळवायच्या बैलासाठी माणसं सुप्रीम कोर्टापर्यंत भांडली, 2014 ला बंदी, 2023 ला कोर्टानं परवानगीचा कायदा मान्य केला, दोन्ही बाजूनं वकील उभे होते. नदीतल्या या बैलासाठी कोण उभं होतं, एकटे काका, तेपण फ्रेमच्या बाहेर.

(2019, बीड जिल्हा, चारा छावणी, जुनं फुटेज)

आणि एवढं करून तो शॉट खोटाच. दुष्काळात आमच्याकडं बैल पडला असं कुणी म्हणत नाही, जनावर बसलं म्हणतात. छावणीत बघितलंय आम्ही. अंगातली ताकद गेली की आधी पुढचे गुडघे टेकतं, मग मागचं धड खाली घेतं, आणि उठताना उलटं, मागचं आधी उचलायला बघतं आणि तेच उचलत नाही. दोरीनं ओढलेला बैल एका अंगावर धाडकन जातो. ज्याच्या दावणीला कधी जनावर बसलंय तो माणूस बघितल्या बघितल्या सांगेल की हा ओढलाय.

(शेवटचा सीन. काकांचं रान, बांधावरची बाभळ)

म्हणून आम्ही परत गेलो काकांकडं, त्यांच्या दुसऱ्या बैलापाशी. कॅमेरा लावला आणि गप बसलो. सकाळचा चारा खाऊन झाला होता, उन्हं चढली होती. एक तास दहा मिनिटं लागली. हे बघा, मान खाली गेली, जमीन हुंगली, आता एक गुडघा. दुसरा. काका कासरा सोडून बाजूला येऊन बसले, त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. मागचं धड टेकवलं. आता रवंथ करायला लागला.