पाणी वरून आलं की खालून?

(अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पा परिसरातल्या मराठी कुटुंबांसमोर एप्रिल २०२५ मध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

गेल्या वर्षी ७ सप्टेंबरला गणपती बसले. आमच्या सेंट पीटर्सबर्गच्या घरात बाहेरच्या खोलीत मखर होतं, तुमच्यापैकी बरेच जण आरतीला आला होतात. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी, २६ सप्टेंबरच्या रात्री, त्याच खोलीत गुडघ्याच्या वर समुद्राचं पाणी होतं. हेलीन चक्रीवादळ आपल्यापासून शंभरावर मैल दूर, समुद्रावरूनच वर सरकत गेलं. छप्पर शाबूत होतं, खिडक्या शाबूत होत्या. पाणी रस्त्यावरून चढलं आणि दाराच्या फटीतून आत आलं. आम्ही ओल्या भिंती कापत होतो तोवर ९ ऑक्टोबरला दुसरं चक्रीवादळ मिल्टन आलं, ‘सिएस्टा की’ बेटापाशी जमिनीवर चढलं. सेंट पीटर्सबर्गमध्ये अठरा इंचांहून जास्त पाऊस झाला, ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉल स्टेडियमचं छत फाटून गेलं, आणि आमच्या छपरावरच्या शिंगल्स, म्हणजे कौलांसारख्या पट्ट्या, उडून निजायच्या खोलीचं छत खाली आलं. तेरा दिवसांत एकच घर दोनदा भिजलं. एकदा खालून, एकदा वरून.

विम्याच्या हिशेबात ही दोन पाणी वेगवेगळी आहेत. आज बोलायला उभा राहिलो तो मुख्यतः एवढ्यासाठी.

आपली नेहमीची घराची पॉलिसी वाऱ्याने झालेलं नुकसान भरून देते. वाऱ्याने छप्पर किंवा खिडकी फोडली आणि त्या भगदाडातून पाऊस आत आला, तर तेही. पण जमिनीवरून वाहत, चढत आलेलं पाणी म्हणजे पूर, आणि पूर त्या पॉलिसीत नसतो. त्याची पॉलिसी वेगळी काढावी लागते. बहुतेकांची ती फेमाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती संस्थेच्या, राष्ट्रीय पूर विमा योजनेतली असते. त्यात इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख. सामानाचे पैसे घसारा वजा करून मिळतात, आणि घर राहण्याजोगं नसताना हॉटेलचं किंवा दुसऱ्या घराचं भाडं त्यातून मिळत नाही. हे आम्हाला हॉटेलात गेल्यावर कळलं.

२००५ मध्ये कतरीना चक्रीवादळानंतर मिसिसिपीच्या किनाऱ्यावर कित्येक घरांच्या जागी नुसता काँक्रीटचा चौथरा उरला होता. घर आधी वाऱ्याने पडलं की लाटेने नेलं, हे सांगायला भिंतच नव्हती. सिनेटर ट्रेंट लॉट यांचं पास्कागुलाचं घर असंच गेलं, आणि त्यांनासुद्धा स्वतःच्या विमा कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं. सिनेटरची ही गत, तर तुमच्याआमच्या हातात पुराव्याशिवाय काय असतं?

आता माझी गोष्ट सांगतो. नोव्हेंबरात घरच्या विमा कंपनीचा, नुकसानीची पाहणी करणारा अ‍ॅडजस्टर आला, तेव्हा घर आतून सोललेलं होतं. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि लिहून गेला की निजायच्या खोलीचं छत पुराच्या ओलीने पडलं, म्हणून ते आमच्या पॉलिसीत बसत नाही. पत्र वाचून माझी बायको पायरीवरच बसली. तिला धीर देताना आठवलं, की १ ऑक्टोबरला, दोन वादळांच्या मधल्या दिवसांत, मुलीने प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला होता. त्यात ते छत कोरडं, पांढरं, अखंड दिसतं. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ आहे, तिच्यावर लावलेला मोजायचा टेप आहे, आणि रेघेच्या वर सगळं सुकं. तो व्हिडिओ, उडालेल्या शिंगल्सचे फोटो आणि छपरावाल्याचं लेखी मत जोडून मी पुन्हा तपासणी मागितली. दुसरा माणूस आला, आणि छत वाऱ्याच्या खात्यात गेलं.

म्हणून सांगतो, भिंतीवरची ती रेघ पुसू नका. आधी टेप लावून फोटो घ्या, मग साफ करा. साफसफाईसाठी मात्र अ‍ॅडजस्टरची वाट पाहत बसू नका. ओलीवर एकदोन दिवसांत बुरशी धरते, आणि नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीप्रमाणे आपलीच जबाबदारी असते. कार्पेटचा, भिंतीच्या ड्रायवॉल पत्र्याचा एकेक तुकडा पिशवीत बांधून ठेवा. फ्रिज, वॉशिंग मशीन रस्त्यावर नेऊन टाकण्याआधी त्यांच्या मॉडेल नंबरचा फोटो घ्या. हेलीननंतर आपल्या रस्त्यांवर सामानाचे ढीग होते आणि मिल्टनच्या वाऱ्यात ते उडतील म्हणून सरकारने घाईघाईने उचलायला लावले. कित्येकांचा पुरावा त्या ट्रकांतून गेला.

आणि इथे आपला गणपती कामाला आला. सामानाची यादी करायला बसलो तेव्हा सोफा कोणता, टीव्ही केवढा, कपाटात काय, काही आठवेना. सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आरतीचे, गौरीच्या हळदीकुंकवाचे फोटो होते. मखरामागे भिंत, बाजूला शोकेस, खाली लाकडी फरशी, आणि फोटोवर तारीख. त्या फोटोंवरून आम्ही दोनशेच्या वर वस्तू लिहिल्या. आईच्या पैठण्या आणि बाबांची पेटी मी यादीत घातली, किंमत लिहिली. ती लिहिताना काय वाटलं ते इथे सांगता येणार नाही.

डिडक्टिबलबद्दल, म्हणजे नुकसानीतला जो पहिला भाग आपणच सोसायचा त्याबद्दल, बरेच फोन आले, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हरिकेनचं, म्हणजे चक्रीवादळाचं, डिडक्टिबल बहुतेकांचं दोन टक्के असतं. हे दोन टक्के नुकसानीचे नाहीत, घराच्या विमा रकमेचे. चार लाखांचा विमा असेल तर पहिले आठ हजार तुमचे. फ्लोरिडात हे डिडक्टिबल एकाच कंपनीकडे वर्षातून एकदाच पूर्ण भरायचं असतं. समजा, पहिल्या वादळात वाऱ्याने तीन हजारांचं कुंपण आणि गटर गेलं, आठ हजारांच्या आत आहे म्हणून तुम्ही कळवलंच नाही, आणि दुसऱ्या वादळात छप्पर गेलं. ते तीन हजार त्या आठ हजारांत धरून घ्यायचे तर पावत्या हव्यात, आणि काही कंपन्यांना ते वेळेवर कळवलेलंही लागतं. पैसे मिळणार नाहीत हे माहीत असलं तरी नुकसान कळवा. गेल्या वर्षी हे न केल्यामुळे आपल्यातल्या दोन घरांचं नुकसान झालं. ते मला आधी सांगता आलं असतं, याची मला खंत आहे.

मुदती थोडक्यात. घराच्या पॉलिसीचा दावा नुकसानीच्या तारखेपासून एका वर्षात कळवायचा, पुरवणी दावा अठरा महिन्यांत. कंपनीने सात दिवसांत पोच द्यायची आणि साधारणपणे साठ दिवसांत पैसे द्यायचे किंवा नकार कळवायचा. पूर विम्यात सही केलेलं नुकसानीचं शपथपत्र साठ दिवसांत द्यावं लागतं, मोठ्या वादळानंतर फेमा कधीकधी मुदत वाढवतं. वाद झाला तर राज्याच्या वित्त सेवा विभागाची मध्यस्थी मागा, तिचा खर्च विमा कंपनी करते.

दारावर येणाऱ्यांपासून सांभाळा. ‘तुमचं डिडक्टिबल आम्ही माफ करतो’ म्हणणारा छपरावाला फ्लोरिडात गुन्हा करत असतो, त्याच्या कागदावर सही करू नका. विमा कंपनीऐवजी आपल्या बाजूने दावा मांडणारा पब्लिक अ‍ॅडजस्टर नेमायला हरकत नाही, गुंतागुंतीच्या दाव्यात तो उपयोगी पडतो. पण जाहीर आणीबाणीच्या वादळात पहिलं वर्षभर त्याला दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे माहीत असू द्या.

खाडीकाठच्या घरांसाठी आणखी एक. पूरक्षेत्रातल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च त्याच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, तर गावाचं बांधकाम खातं जुन्या उंचीवर दुरुस्ती करू देत नाही. घर उंच उचलून घ्यावं लागतं किंवा पाडावं लागतं. इथे बाजारभाव म्हणजे नुसत्या बांधकामाचा, जमिनीचा धरत नाहीत. फेमाच्या पॉलिसीत त्यासाठी जास्तीत जास्त तीस हजार डॉलर वेगळे असतात. ते मागावे लागतात. आमच्या गल्लीतल्या एका वयस्कर जोडप्याला हे उशिरा कळलं, तोवर घर विकून झालं होतं.

आणि चेक आला की तो तुमच्या एकट्याच्या नावाने नसेल. कर्ज असेल तर बँकेचंही नाव त्यावर असतं, आणि बँक काम जसं पुढे सरकेल तसे पैसे सोडते. कंत्राटदाराशी हप्ते ठरवताना हे आधी बोलून घ्या. आमच्या पहिल्या हप्त्याला सहा आठवडे लागले.

चक्रीवादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो. पूर विम्याची नवी पॉलिसी सहसा तीस दिवसांनी लागू होते, म्हणजे ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी महिनाअखेरीच्या आत काढायला हवी. माझी दोन्ही दाव्यांची फाइल मी मागच्या टेबलावर ठेवली आहे, नकाराच्या पत्रासकट. चहा घेता घेता बघा, हवे त्या पानांचे फोटो काढा.