जोर किती काढले ते नको, जड किती होते ते सांगा

(प्रवासात जिम नसताना ताकद कशी टिकवायची, यावर बडोद्यातल्या एका मराठी मंडळात संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आधी दाराची गोष्ट उरकतो, कारण पुढच्या रांगेतले दोघं-तिघं ती ऐकायलाच आलेत. मी तीस वर्षं ट्रान्सफॉर्मर बसवत हिंडलो. कारखाना इथे बडोद्याला, पण ट्रान्सफॉर्मर जाऊन बसणार कुठे कच्छात नाहीतर मध्य प्रदेशातल्या एखाद्या माळावर, जिथे वीज आधी पोचते आणि हॉटेल नंतर. एका गावी शटडाऊन, म्हणजे कामासाठी वीज बंद ठेवायची परवानगी, मिळेना म्हणून अकरा दिवस लॉजवर पडून होतो. पाठीचा व्यायाम करायचा होता, पण ओढायला काही नाही. मग चादरीच्या टोकाला मोठी गाठ मारली, ती दाराच्या वरून पलीकडे टाकली, दार लावलं, कडी घातली आणि चादर धरून मागे रेललो. सातव्या खेपेला कडी स्क्रूसकट बाहेर. मी जमिनीवर, दार माझ्या पायांवर आणि बाहेर चहा घेऊन आलेला पोरगा. त्याने आत डोकावून सगळी खोली न्याहाळली आणि विचारलं, “साहब, दूसरा आदमी किधर गया?”

चूक माझीच होती. खोलीचं मुख्य दार आपल्या अंगावर उघडतं. ते ओढलं की सगळा भार कडीवर येतो. बाथरूमचं दार बहुतेक वेळा पलीकडे उघडतं. त्याला खोलीतून ओढलं तर ते उघडत नाही, उलट चौकटीत घट्ट बसतं आणि भार चौकट घेते. गाठ पलीकडे, दार बंद, पाय दाराच्या बुडाशी, अंग फळीसारखं ताठ. पाय जितके दाराखाली जवळ घ्याल तितकं अंग आडवं होतं आणि ओढणं जड जातं. हल्ली बाथरूमला पीव्हीसीचं दार असतं, त्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. लाकडी आणि भक्कम असेल तरच.

दारापासून सुरुवात केली, कारण प्रवासात खरी पंचाईत ओढण्याचीच होते. ढकलायला जमीन सगळीकडे असते. बसायला-उठायला तर काहीच लागत नाही.

आता आपल्या गावाविषयी. आपण बडोदेकर मंडळी व्यायामाच्या बाबतीत जरा तोऱ्यात असतो आणि त्याला कारणही आहे. इथून जवळच, दांडिया बाजारात, जुम्मादादांची व्यायामशाळा. तिथे व्यायामगुरू माणिकरावांच्या हाताखाली 1907 ते 1910 अशी तीन वर्षं तयार झालेला एक तरुण पुढे स्वामी कुवलयानंद झाला आणि 1924 साली त्याने लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था उभी केली. आबासाहेब मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले तेही बडोद्यातूनच. यंत्रं नव्हती, वातानुकूलित हॉल नव्हते, तरी माणसं तयार होत होती. म्हणून “प्रवासात जिम मिळत नाही हो” असं कुणी म्हणालं की आपले काका लगेच म्हणतात, जिम कशाला हवी, जोर काढा, बैठका मारा, आमचे अण्णा रोज पाचशे काढायचे.

इथे मी काकांशी थोडा भांडणार आहे.

पाचशे जोर काढणाऱ्या अण्णांचा दमसास दांडगा होता, हे मान्य. पण दमसास वेगळा आणि ताकद वेगळी. ज्याला पन्नास जोर सहज जमतात, त्याचे पहिले पस्तीस-चाळीस स्नायूला फारसं काही सांगतच नाहीत. मी स्वतः साइटवर रोज तीनशे बैठका काढायचो आणि मोठ्या अभिमानाने डायरीत आकडा लिहायचो. घरी परतून खांद्यावर वजनांच्या थाळ्या लावलेला नेहमीचा बार घेतला की तोच बार परक्यासारखा वाटायचा. गुडघे तेवढे कुरकुरत असायचे. बरीच वर्षं मला वाटायचं, वय झालं. वय झालंच होतं, पण सगळा दोष त्याचा नव्हता.

1988 साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. काही महिने आठवड्यातून दोन-तीनदा व्यायाम करून ज्यांनी मांडीची ताकद कमावली होती, त्यांतल्या काहींचा व्यायाम पूर्ण बंद केला, काहींना आठवड्यातून दोनदा किंवा एकदाच करायला सांगितलं. वजन मात्र तेवढंच जड ठेवलं. बारा आठवड्यांनी मोजलं तर बंद करणाऱ्यांनी कमावलेल्यातली दोन तृतीयांश ताकद गमावली होती. एकदाच करणाऱ्यांची जवळजवळ होती तशी होती. आठवड्यातून एकदा, मंडळी! पुढे 2011 साली अलाबामातल्या एका अभ्यासात तर आधीच्या व्यायामाचा नववा हिस्सा ठेवला, आणि तरी बत्तीस आठवडे ताकद टिकली. त्यात एक मेख आहे, आणि ती आपल्यासारख्यांसाठी आहे: साठीच्या पुढच्यांची ताकद टिकली, पण स्नायूचा आकार तेवढ्यावर पूर्ण टिकला नाही. तरुणांचा टिकला. म्हणजे आपल्याला नववा हिस्सा पुरायचा नाही, थोडं जास्त करावं लागेल. तरीही रोज पाचशे नव्हे.

तेव्हा प्रवासात आठवड्याला दोन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. पण त्या वेळात शेवटच्या दोन-तीन खेपांना अंग थरथरलं पाहिजे. खेपा कमी करा, दिवस कमी करा, जडपणा कमी करू नका.

आणि वजनं नसताना जडपणा आणायचा कुठून? मी इंजिनिअर माणूस, मला हा भाग सगळ्यात आवडतो. सरळ पुशअपमध्ये हातांवर आपल्या वजनाचा सुमारे 64 टक्के भार येतो. गुडघे टेकले तर 49. हात साधारण दोन फूट उंच ठेवले, म्हणजे पलंगाच्या काठावर किंवा स्टुलावर, तर 41. आणि पाय तेवढेच उंच ठेवले तर 74. सत्तर किलोच्या माणसासाठी हा फरक 29 किलोपासून 52 किलोपर्यंत जातो. एकाच खोलीत, एकाच माणसासाठी! तुमचं शरीर हाच तुमचा बार, आणि त्यावरच्या थाळ्या बदलायला पलंग पुरतो. त्याहून जड हवं तर पाठीवर सॅक घ्या आणि तीत पाण्याच्या बाटल्या भरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तराजू लागत नाही. लॉजवर दोन लिटरच्या सहा बाटल्या मागवल्या की मॅनेजरला वाटतं साहेबांचं पोट बिघडलंय. वाटू द्या.

पायांसाठी दोन्ही पायांवरच्या शंभर बैठकांपेक्षा एका पायावरच्या आठ बऱ्या. मागचा पाय पलंगाच्या काठावर टेकवायचा, सगळा भार पुढच्यावर, चार मोजत खाली जायचं, तळाशी क्षणभर थांबायचं, मग वर. तोल जातो, म्हणून एक हात भिंतीला. श्वास कोंडू नका. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी तर अजिबात नाही. आणि गुडघ्यांचं दुखणं असेल तर खुर्चीवरून उठणं-बसणं, तेही सावकाश. हात न टेकता करून बघा, मग कळेल ते किती जड असतं.

खाण्याबद्दल फार बोलत नाही. एवढंच, की प्रवासाच्या डब्यात ठेपले आणि लीलो चेवडो असतो, आणि त्यात स्नायूला लागणारं फारसं काही नसतं. भाजलेले चणे, शेंगदाणे, स्टेशनवरची उकडलेली अंडी, ढाब्यावर पनीर किंवा जाड वरण, दही. चेवडा खाऊ नका असं मी या गावात उभा राहून म्हणणार नाही.

गामा पहिलवानाचं नाव निघणार, म्हणून मीच काढतो. कमाटीबागेतल्या संग्रहालयात तो दगड आहे, 1902 साली गामाने उचलल्याचा लेख त्यावर कोरलाय. वजन बाराशे किलो सांगतात. 2016 साली एडी हॉल नावाच्या धिप्पाड इंग्रजाने बारवर 500 किलो जमिनीवरून उचलले तेव्हा त्याच्या नाका-कानांतून रक्त आलं. तेव्हा बाराशे किलो म्हणजे त्या अर्थाने उचलले असतील असं मला वाटत नाही. दगडाचं एक टोक हलवलं असेल तरी मी हात जोडतो. पण गंमत बघा, गामाच्या हजारो बैठकांच्या कथा आपण सांगतो, आणि दगडावर कोरलंय ते एकदा उचलल्याचं.

(नंतरच्या प्रश्नोत्तरांपैकी एक.)

एक मावशी: मी दर वर्षी मुलाकडे न्यू जर्सीला जाते. सहा महिने. सुनेसमोर हॉलमध्ये पाय पलंगावर टाकून जोर कसे काढू?

नका काढू, मावशी. स्वयंपाकघराचा ओटा असतो ना, चहा उकळेपर्यंत त्यावर हात टेकून ढकला. ओटा हलका पडायला लागला की खालचं काहीतरी शोधा, जिन्याची तिसरी पायरी चालेल. नातू किती महिन्यांचा?

मावशी: आठ.

म्हणजे आठ-नऊ किलो. त्याला छातीशी घट्ट धरायचं, मागे खुर्ची, सावकाश बसायचं आणि उठायचं. दहा वेळा. पुढच्या महिन्यात तो आणखी थोडा जड होईल, तुम्हाला वजन वाढवायला बाजारात जावं लागणार नाही. फक्त झोपलेला असताना करू नका. जागा झाला तर सून विचारेल, कुणी उठवलं.