लूत लागलेलं कुत्रं

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. यंत्रमागाच्या शेडबाहेरची सावली.)

भर दुपार. आत मागांचा खडखडाट चाललाय, बाहेर ओट्याशी एक कुत्री अंग खाजवतेय. कानांच्या कडांवर पांढरट खपल्या, कोपरांवरचे केस गेलेले, पोट लालभडक. येणारा-जाणारा 'हाड' म्हणतो. लूत लागलीय ना!

ही लूत उन्हानं झाली असं वाटेल, पण तसं नाही. सार्कोप्टिस नावाचा आठ पायांचा किडा ती लावतो. गोचिडाच्याच गणगोतातला, पण आकारानं अर्ध्या मिलिमीटरहून लहान. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणत, अंडी घालत पुढे सरकते. सुमारे 3 आठवड्यांत पुढची पिढी तयार. खाज अशी की जनावराला झोप नाही, अन्न गोड लागत नाही.

(दृश्य: जनावरांचा दवाखाना.)

डॉक्टर कानाची कड चिमटीत धरून चोळतात. बघा, मागचा पाय आपोआप खाजवायला लागला! ही खूण महत्त्वाची, कारण कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तरी किडा दर वेळी सापडतोच असं नाही.

पिल्लाच्या डोळ्यांभोवतीचेच केस गळाले, तर तो बहुधा डेमोडेक्स नावाचा दुसरा किडा. आईच्या कुशीत दूध पिताना तो अंगावर येतो, माणसाला लागत नाही. मांजरांचा किडा आणखी वेगळा, नोटोएड्रिस. कानांपासून मानेपर्यंत जाड खपल्या धरतात.

आणि कृपा करून जळकं ऑइल लावू नका. लावणाऱ्याच्या मनात मायाच असते, हे आम्हाला दिसतं. पण कुत्रं अंग चाटतं, ते विष पोटात जातं, आधीच सोललेली कातडी आणखी भाजते. रॉकेलचंही तेच. कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध मांजराला लावलं, तर मांजर जिवानिशी जाऊ शकतं.

आज फ्लुरालेनरसारख्या गोळ्या मिळतात. वजन पाहून डॉक्टर देतात, खाण्यातून जातात. भटक्या कुत्र्याला धरून आंघोळ घालायची गरज नाही. ओट्याजवळच्या त्या कुत्रीला हात लावणाऱ्यांच्या हातावर पुरळ उठलं, तरी तिचा सार्कोप्टिस माणसाच्या अंगावर फार काळ टिकत नाही. तिला मात्र औषध हवंच, आणि तिच्यासोबत झोपणाऱ्या गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांनाही, त्याच वेळी. एकटीला दिलं, तर बाकीच्यांकडून लूत पुन्हा तिच्याकडे येते.