वैशाखातले ऊन आणि पोटावरची पिशवी

नमस्कार, श्रोतेहो.

वैशाखातले ऊन कसे असते, हे नागपूर-चंद्रपूरच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि कूलरसमोरून उठवत नाही. लग्नसराईही नेमकी याच दिवसांत असते, आणि माझ्या ओळखीची कितीतरी माणसे पत्रिका हातात धरून, जावे की न जावे, या विचारात बसलेली असतात; कारण त्यांच्या पोटावर पिशवी असते. आतड्याचा कर्करोग, आतड्याला पडलेले छिद्र, एखादा अपघात, अशा कारणाने शस्त्रक्रिया करून त्यांच्या आतड्याचे तोंड पोटावर आणलेले असते. या तोंडाला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा असेल तर इलिओस्टॉमी, आणि लघवीची वाट तशी वळवलेली असेल तर युरोस्टॉमी. स्टोमाची निगा शिकवणारी परिचारिका म्हणून मी या माणसांशी रोज बोलते, आणि शस्त्रक्रियेनंतर थोडे सावरले की बहुतेक जण आवाज खाली आणून एकच गोष्ट विचारतात: "सिस्टर, चारचौघांत वास तर येणार नाही ना?"

हा प्रश्न मला कधीच क्षुल्लक वाटला नाही. १९५४ मध्ये डेन्मार्कमधील एलिझे सोरेन्सेन या परिचारिकेने चिकटणाऱ्या, वापरून टाकून देता येणाऱ्या पिशवीची कल्पना मांडली, ती आपल्या सख्ख्या बहिणीसाठी. कोलोस्टॉमी झाल्यापासून गळतीच्या धास्तीने ती बहीण घराबाहेर पडेनाशी झाली होती. आज आपण वापरतो त्या पिशवीचा जन्मच मुळी या भीतीतून झाला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आतड्यातले जंतू अन्नाचे विघटन करताना गंधकयुक्त वायू तयार करतात आणि वास त्यांचा असतो. तो प्रत्येकाच्या पोटात असतो, स्टोमा असलेल्यांच्या पोटात काही निराळा नसतो. चांगल्या पिशवीचे प्लास्टिक हा वास बाहेर सोडत नाही. म्हणून पिशवी बंद असताना वास आला, तर कुठेतरी वाट झाली आहे असे समजावे आणि अत्तर शोधण्याआधी ती वाट शोधावी.

उन्हाळ्यात ही वाट बहुधा चकतीखाली होते. पिशवी ज्या चकतीने पोटाला चिकटते, तिच्यातला गोंदासारखा थर ओलावा शोषून घेतो. थोडा घाम तो सहज पचवतो, पण वैशाखात घामाच्या धारा लागल्या की थर फुगतो, मऊ पडतो आणि आतल्या कडेपासून विरघळू लागतो. एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. १९५० च्या दशकात अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रुपर्ट टर्नबुल या शल्यविशारदांनी स्टोमाभोवतीच्या त्वचेसाठी कराया नावाचा डिंक वापरायला सुरुवात केली. हा डिंक आपल्या जंगलातल्या कांडोळाचा, म्हणजे चांदण्यात पांढऱ्या खोडाने चमकणाऱ्या त्या झाडाचा. ओल्या त्वचेलाही तो चिकटत असे, पण उष्णतेने लवकर पाघळत असे. आताच्या चकत्या त्याहून पुष्कळ टिकाऊ आहेत, तरी उन्हापुढे त्यांचीही मर्यादा आहे.

त्यामुळे चकती काढाल तेव्हा लगेच फेकू नका. ती उलटी करून उजेडात धरा. भोकाभोवतीचा थर पांढरट होऊन फुगलेला दिसेल. तो सगळीकडे सारखा आणि अरुंद असेल तर ठीक आहे. पण एका बाजूला तो कडेपर्यंत खाल्ल्यासारखा झाला असेल आणि तिथे मळाचा पिवळसर डाग असेल, तर गळती त्या बाजूने होत होती. हिवाळ्यात पाच दिवस टिकणारी चकती उन्हाळ्यात तिसऱ्याच दिवशी अशी दिसू लागली, तर उन्हाळ्यापुरते दर दोन-तीन दिवसांनी बदलण्याचे ठरवून टाका. पिशव्या महाग असतात, आणि एकेक दिवस ओढून नेण्याची कुटुंबाची धडपड मी जवळून पाहिली आहे. पण गळत्या चकतीखाली सोललेली त्वचा बरी होईपर्यंत नवी चकतीही नीट चिकटत नाही, आणि वाचवलेल्याहून अधिक पैसे जातात. भोक स्टोमापेक्षा फक्त एक ते दोन मिलिमीटर मोठे कापावे. सकाळी, घाम सुटण्याआधी, त्वचा साध्या पाण्याने धुऊन, सुती कापडाने टिपून पूर्ण कोरडी करावी आणि चकती लावून काही मिनिटे तळहाताने दाबून धरावी. त्याआधी खोबरेल तेल, स्पिरिट, जंतुनाशक किंवा मलईचा साबण त्वचेला लावू नये. नव्या चकत्यांचा डबा उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नये.

वर्ध्याकडच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. चकती उत्तम, त्वचा स्वच्छ, तरी वास येतो, अशी त्यांची तक्रार होती आणि ती खरी होती. त्यांना मी माझ्यासमोर पिशवी रिकामी करायला सांगितले. त्यांनी शेपटी, म्हणजे पिशवीचे खालचे उघडणारे टोक, उघडली, मळ सोडला, बाहेरून पाणी ओतले आणि चिमटा लावला. शेपटीच्या आतली दोन बोटे जागा तशीच माखलेली राहिली होती. चिमट्याच्या बाहेर उरलेल्या टोकातून दिवसभर वास येत होता. उपाय एवढाच: सोडण्याआधी शेपटीचे तोंड बाहेरच्या बाजूला उलटे दुमडून घ्यायचे, सदऱ्याची बाही दुमडतो तसे, म्हणजे आतली कड माखत नाही, मग ओल्या कागदाने आत-बाहेर पुसून, दुमड सोडून बंद करायचे. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, कारण भरलेली पिशवी वजनाने चकती ओढते. देशी पद्धतीच्या संडासात वाकणे जड जात असेल, तर ठेंगण्या स्टुलावर बसावे. शौचकूपात आधी थोडे पाणी टाकले की शिंतोडे उडत नाहीत.

काही पिशव्यांना वायू सोडणारी कोळशाची गाळणी असते. ती भिजली की निकामी होते, म्हणून अंघोळीच्या वेळी सोबत मिळणारी चिकटपट्टी तिच्यावर लावावी. वायूसाठी पिशवीला टाचणीने भोक पाडू नये. ते भोक पुन्हा बंद होत नाही. पिशवीत ॲस्पिरिनची गोळी टाकण्याचा जुना सल्ला अजून कानावर येतो. तो कृपा करून ऐकू नका, त्या गोळीने स्टोमाला जखमा होतात. पिशवीत टाकण्यासाठी वासरोधक थेंब मिळतात, ते वापरावेत.

कांदा, लसूण, मुळा, कोबी, अंडी आणि सुकी मासळी यांनी वास वाढतो. पण सगळे सोडून वरणभातावर राहू नका. एकेक पदार्थ खाऊन पाहा आणि आपल्याला कशाचा त्रास होतो ते ओळखा. दही-ताक अनेकांना मानवते. पाण्याकडे मात्र उन्हाळ्यात बारकाईने लक्ष हवे. युरोस्टॉमी असलेल्यांनी पाणी कमी प्यायले की लघवी गडद होते आणि तिला उग्र वास येतो. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार नसेल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी पोटात जावे. इलिओस्टॉमी असलेल्यांचे पाण्याबरोबर मीठही जाते, म्हणून तहान लागली की नुसते तांब्याभर पाणी पिऊन भागत नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते दिवसभर घोट-घोट प्यावे. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा असावा. पिशवी वारंवार पाण्यासारखी भरू लागली, लघवी कमी झाली, चक्कर आली किंवा पायांत गोळे आले, तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे.

कपड्यांबद्दल बायकांसाठी थोडेसे. परकराची नाडी नेमकी स्टोमावर आवळली जाते, मळ खाली उतरत नाही, चकतीखाली शिरतो. नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक लावून घ्या आणि ते स्टोमाच्या वर किंवा खाली बसेल असे शिंप्याला सांगा. प्लास्टिक आणि पोट यांच्यामध्ये जुन्या मऊ सुती साडीची खोळ शिवून घातली, तर घाम टिपला जातो आणि घामोळेही येत नाही.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे. इतरत्र, ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तिथे स्टोमाची निगा शिकलेली परिचारिका आहे का, हे विचारावे. जाताना काढलेली चकती कागदात गुंडाळून बरोबर न्या. त्या शिक्षिकाबाई आता दर वेळी तशी आणतात, आणि यंदा पुतणीच्या लग्नाला त्या एसटीने यवतमाळला जाऊन पंगतीत मधोमध बसून जेवल्या, हे त्यांनी मला चकती दाखवता दाखवता सांगितले.

नमस्कार.